साडेबारा लाखांच्या देशाचं वजन कुठून येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिका आणि चीन यांच्या ओढाताणीत मालदीव, श्रीलंका, मॉरिशस असे देश नुसती प्यादी आहेत, की त्यांची स्वतःची काही ताकद असते? आणि असेल तर ती प्रत्यक्षात चालते कशी? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतल्या 'सॉफ्ट पॉवर' (बळाऐवजी प्रभावाने काम साधणं), 'हेजिंग' (दोन्ही बाजूंशी संबंध राखून असणं) या शब्दांनी समाधान होत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. माझंही कधी झालं नाही. परराष्ट्र सेवेत मी तीस वर्षं काढली. त्यातला बराच काळ ठराव, मसुदे आणि मतांची जुळवाजुळव यांत गेला. त्यामुळे त्या कामातून जे दिसलं त्याच्या आधारे सांगतो.

आधी प्रश्न थोडा वेगळा मांडू. 'छोट्या देशाकडे ताकद किती' असं विचारलं की आपण सैन्य, पैसा, लोकसंख्या मोजायला लागतो आणि उत्तर शून्याच्या आसपास येतं. विचारायचं असतं ते हे की, वाद कुठे मांडला जाणार हे कोण ठरवतं? दोन देश समोरासमोर बसले की मोठ्याचं पारडं जड असतं. तोच वाद प्रत्येक देशाला एकच मत असलेल्या सभागृहात नेला, किंवा कागद आणि कायदा बघणाऱ्या न्यायाधीशांपुढे ठेवला, की हिशेब बदलतो. छोट्या देशांची मुत्सद्देगिरी मला तरी बहुतेक वेळा हीच दिसली: स्वतःला सोयीची जागा शोधायची, वाद तिथे न्यायचा, आणि मग वर्षानुवर्षं तिथून हलायचं नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगून उपयोग नाही, म्हणून तुमच्याच यादीतला मॉरिशस घेऊ. देशाचं क्षेत्रफळ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी, वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. आपले मराठी लोक तिथे कित्येक पिढ्यांपासून आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. या देशाने चागोस बेटांच्या प्रश्नावर ब्रिटनला, आणि ब्रिटनच्या मागे उभ्या असलेल्या अमेरिकेला, जे करायला लावलं ते नीट समजून घेतलं तर बाकीच्या देशांचं वागणं वाचता येतं.

1965 मध्ये मॉरिशस ब्रिटिश वसाहत होती. स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये लँकेस्टर हाउसला चालू होती. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि त्यासाठी चागोस द्वीपसमूहातलं दिएगो गार्सिया बेट पसंत पडलं होतं. ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन आणि मॉरिशसचे नेते सर शिवसागर रामगुलाम यांची भेट ठरली. त्या भेटीआधी विल्सन यांना त्यांच्या सचिवाने एक टिपण दिलं होतं. त्याचा आशय असा, की रामगुलाम यांना आशा दाखवून घाबरवायचं: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबद्दल शहाणपणा दाखवला नाही तर ते मिळणार नाही ही भीती. हे टिपण पुढे उघड झालं. चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली गेली, मोबदला म्हणून 30 लाख पौंड ठरले. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत कागदावर आली. पुढच्या वर्षी अमेरिकेशी करार झाला. 1968 ते 1973 या काळात बेटांवरची सगळी माणसं, दीड-दोन हजार जण, बाहेर काढून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली.

समोरासमोरच्या खोलीत काय होतं, ते यात दिसतं. रामगुलाम कमकुवत होते म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत त्यांच्या हातात नकार देण्यासारखं काही नव्हतंच.

मग दार शोधणं सुरू झालं, आणि हा भाग मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. सरळ रस्ता म्हणजे हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. पण तिथे खटला चालायला दोन्ही देशांची संमती लागते. ब्रिटनने संमती देताना राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळले होते. 2004 मध्ये मॉरिशसने राष्ट्रकुल सोडण्याचा विचार बोलून दाखवला, म्हणजे ती अट आपोआप गळून पडेल. ब्रिटनने लगेच आपल्या घोषणापत्रात दुरुस्ती केली: राष्ट्रकुलात 'असलेले किंवा पूर्वी असलेले' देश. दोन-तीन शब्दांत दार बंद. एवढ्या मोठ्या देशाला साडेबारा लाखांच्या देशासाठी कागद बदलावासा वाटला, यावरूनच ब्रिटनला त्या खोलीची किती धास्ती होती ते कळतं.

दुसरं दार 2010 मध्ये ब्रिटनने स्वतःच उघडून दिलं. चागोसभोवतीचा समुद्र त्यांनी संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केला. कारण पर्यावरणाचं, आणि जगभर कौतुकही झालं. पण त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर आलेल्या अमेरिकी दूतावासाच्या तारेतून दिसलं, की यामुळे बेटवासीयांचा परतीचा दावा जवळपास संपेल, असं ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकनांना सांगितलं होतं. मॉरिशसने सागरी कायद्याच्या कराराखाली लवादाकडे धाव घेतली. बेटं कोणाची, हे ठरवायला लवादाने बहुमताने नकार दिला. मात्र 18 मार्च 2015 रोजी त्याने सांगितलं, की 1965 मध्ये मासेमारीबद्दल आणि गरज संपल्यावर बेटं परत देण्याबद्दल दिलेली वचनं ब्रिटनवर बंधनकारक आहेत, आणि हे संरक्षित क्षेत्र त्यांच्याशी विसंगत आहे. बेटं मिळाली नाहीत, पण पायरी मिळाली. बेटं 'परत' द्यायची आहेत, हे आता एका लवादाच्या निकालात लिहिलं गेलं होतं.

तिसरं दार आमसभेचं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लागार मत मागता येतं आणि त्यासाठी ब्रिटनची संमती लागत नाही. नकाराधिकार तिथे चालत नाही. मॉरिशसने हा प्रश्न 'आमचा आणि ब्रिटनचा भांडणतंटा' म्हणून मांडला नाही. आफ्रिकेतली एक वसाहत स्वतंत्र होण्याची प्रक्रिया कायद्याने पुरी झाली का, असा तो मांडला. इथेच पन्नासहून अधिक आफ्रिकी देशांचा तो स्वतःचा प्रश्न झाला. भारतासाठीही वसाहतवादाच्या विरोधात मत देणं ही जुनी आणि सोपी भूमिका होती. आपण 2017 आणि 2019 अशा दोन्ही वेळा मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. 22 जून 2017 रोजी ठराव 94 विरुद्ध 15 मतांनी मंजूर झाला. 65 देश तटस्थ राहिले, आणि त्यांत फ्रान्स, जर्मनी यांसारखे ब्रिटनचे युरोपातले मित्र होते. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, वाटाघाटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मतदानाच्या कामात मुरलेला माणूस आधी ही तटस्थ मतं मोजतो. मित्र विरोधात जात नाहीत, पण वाचवायलाही येत नाहीत, ही मोठ्या देशासाठी सगळ्यांत वाईट खूण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाच्या एका जागेसाठी आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे उमेदवार यांच्यात चुरस झाली, ब्रिटनने माघार घेतली आणि 1946 नंतर पहिल्यांदा त्या न्यायालयात ब्रिटिश न्यायाधीश उरला नाही.

आमसभेतली ही मतं कशी जमतात, हे बाहेरून दिसत नाही, म्हणून एक छोटी गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कला मी नवा असताना एका ठरावाच्या मसुद्यावर तळघरातल्या खोलीत वाटाघाटी चालू होत्या. मसुदा पडद्यावर असतो आणि ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात असतात. रात्री दीडच्या सुमाराला मोठ्या देशांचे तिसरे-चौथे अधिकारी पाळीवर आले होते. आधी काय ठरलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. एका बेटवजा देशाची प्रतिनिधी मात्र दुपारपासून तीच होती, कारण त्यांच्या मिशनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांतल्या कचेरीत, माणसंच तीन. तिच्यापुढे एक जाडजूड वही होती. कुठल्या वर्षीच्या कुठल्या ठरावात कोणता शब्द सगळ्यांनी मान्य केला होता, त्याची हातानं लिहिलेली यादी. 'नोंद घेते' की 'स्वागत करते', यावर गाडी अडली होती. एका बड्या देशाचा अधिकारी म्हणाला, हा शब्द आम्ही कधीच मान्य केलेला नाही. तिने वही उघडली, ठरावाचा क्रमांक वाचला, परिच्छेद वाचला, आणि सांगितलं की तुमच्याच शिष्टमंडळाने तेव्हा तो सुचवला होता. खोलीत कोणी काही बोललं नाही. कंस निघाला. मी दुसऱ्या दिवशी वही विकत आणली.

म्हणून छोट्या देशाच्या ताकदीचा पहिला घटक मी चिकाटी आणि स्मरणशक्ती सांगेन. मोठ्या देशाला शंभर विषय असतात आणि दर तीन वर्षांनी माणसं बदलतात. छोट्याला दोनच विषय असतात, आणि ते त्याला पाठ असतात.

हेगमधली सुनावणी सप्टेंबर 2018 मध्ये झाली. मॉरिशसच्या बाजूने देशाचे माजी पंतप्रधान सर अनिरुद्ध जगन्नाथ स्वतः उभे राहिले. वय 88. 1965 च्या लँकेस्टर हाउसच्या बैठकीला ते तरुण प्रतिनिधी म्हणून हजर होते. त्या खोलीत काय झालं ते सांगू शकणारे फार थोडे लोक हयात होते. 25 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायालयाने 13 विरुद्ध 1 अशा बहुमताने मत दिलं: बेटं तोडणं कायदेशीर नव्हतं, ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. आमसभेने मे महिन्यात 116 विरुद्ध 6 मतांनी सहा महिन्यांची मुदत दिली.

सल्लागार मत बंधनकारक नसतं, असं ब्रिटनने सांगितलं. ते खरंही आहे. मुदत उलटली आणि बेटांवर काही हललं नाही. तुमच्यासारखे विद्यार्थी मला इथे विचारतात, मग उपयोग काय झाला? उपयोग हळूहळू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या नकाशावर चागोस मॉरिशसमध्ये दिसू लागलं. 2021 मध्ये जागतिक टपाल संघाने त्या ब्रिटिश वसाहतीची तिकिटं मान्य करणं थांबवलं. त्याच वर्षी मालदीवबरोबरच्या सागरी सीमेच्या खटल्यात सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने चागोसवर मॉरिशसचं सार्वभौमत्व गृहीत धरलं. गंमत नाही, गंभीर डावपेच आहे हा: मोठ्या शत्रूला कोर्टात ओढता येत नव्हतं, म्हणून छोट्या शेजाऱ्याबरोबरच्या वादातून निकाल मिळवला. एकेक कागद साचत गेला आणि लंडनमधल्या सरकारी वकिलांना काळजी वाटू लागली, की उद्या एखादा बंधनकारक निकाल आला तर तळ चालवणंच अवघड होईल. नोव्हेंबर 2022 मध्ये ब्रिटन वाटाघाटींना बसला. 22 मे 2025 रोजी करारावर सह्या झाल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया 99 वर्षांसाठी ब्रिटनकडे, त्यासाठी वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. सही म्हणजे अंमलबजावणी नव्हे. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही या कराराला कडवा विरोध आहे. तरीही 1965 ची खोली आणि 2025 ची खोली एक नव्हती.

यातली एक चाल नीट पाहा, कारण परीक्षेतल्या उत्तरात ती सहसा सुटते. मॉरिशसने तळाला विरोध केला नाही. उलट, तळ खुशाल ठेवा, आम्ही 99 वर्षांचा भाडेपट्टा द्यायला तयार आहोत, असं त्यांनी वारंवार सांगितलं. अमेरिकेला हवा होता तळ. बेटं कोणाच्या नावावर आहेत हा तिच्यासाठी दुय्यम मुद्दा. त्यामुळे ब्रिटन आणि अमेरिका यांचे हितसंबंध जिथे चिकटले होते, तिथेच मॉरिशसने पाचर मारली. महासत्तेच्या मर्मावर हात न टाकता तिच्या मित्राच्या दुबळ्या बाजूवर जोर द्यायचा. तळ हटवण्याची मागणी केली असती तर हे काहीच झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते. हे सगळं नेहमी चालत नाही. 25 ऑक्टोबर 1983 रोजी अमेरिकेने ग्रेनेडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरवलं. आमसभेने 108 विरुद्ध 9 मतांनी निषेध केला. मॉरिशसला 2017 मध्ये मिळाली त्याहून ही मतं जास्तच. परिणाम काही झाला नाही. फरक असा, की ग्रेनेडात वाद आतून पेटला होता, सत्ताधाऱ्यांनीच आपल्या पंतप्रधानाला ठार केलं होतं आणि देशाच्या वतीने बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मॉरिशसमध्ये सरकारं बदलली, पक्ष एकमेकांवर तुटून पडले, पण चागोसवर कित्येक दशकं एकच भूमिका राहिली. घर आतून एक असणं ही माझ्या मते पहिली अट. दुसरी अट वेळेची: समोरच्याला इतरांच्या मतांची गरज असते तेव्हाच त्या मतांना भाव असतो. आणि तिसरी, कर्जाची. ज्याचा खजिना रिकामा आहे त्याला नकार परवडत नाही.

श्रीलंका घ्या. हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांसाठी चिनी कंपनीच्या हाती गेलं. ऑगस्ट 2022 मध्ये देश दिवाळखोरीत असताना चीनचं 'युआन वांग 5' हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज तिथे येणार होतं. भारताची हरकत होती. कोलंबोने आधी भेट पुढे ढकलायला सांगितली, मग परवानगी दिली. दोन्ही बाजूंनी रोष ओढवून घेतला. पण जानेवारी 2024 पासून त्यांनी सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांवर वर्षभराची बंदी घातली. ही मला शहाणपणाची चाल वाटली. एकाला 'नाही' म्हटलं की तो अपमान होतो. सगळ्यांना लागू असलेला नियम दाखवला की रागावायचं कोणावर? छोट्या देशाने नकार द्यायचा तर तो नियमाच्या रूपात द्यावा, हे मी अनेकदा पाहिलं.

मालदीवबद्दल तुम्ही विशेष विचारलंत. तिथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू 'इंडिया आउट' (भारतीय सैनिक हटवा) या लाटेवर निवडून आले, मे 2024 पर्यंत आपले लष्करी कर्मचारी तिथून परतले आणि त्यांची जागा आपल्याच नागरी तंत्रज्ञांनी घेतली. म्हणजे आपण दिलेली विमानं-हेलिकॉप्टरं तिथेच राहिली. ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीत आले आणि 40 कोटी डॉलर अधिक 3,000 कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय घेऊन गेले. याला कोणी कोलांटउडी म्हणतं, कोणी हुशारी. मला वाटतं, दोन्हीपेक्षा परकीय चलनाची टंचाई हे कारण मोठं होतं. मात्र एक लक्षात ठेवा: मालदीवच्या राजधानीतून, मालेमधून, पाहिलं तर 'महासत्तांची स्पर्धा' म्हणजे वॉशिंग्टन आणि बीजिंग नव्हे. तिथे मोठा शेजारी आपण आहोत. आपण ज्याला मदत म्हणतो ते समोरच्याला दडपण वाटू शकतं, आणि हे मान्य करायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. डिसेंबर 2014 मध्ये मालेचा पाणी शुद्ध करणारा प्रकल्प आगीने बंद पडला, तेव्हा काही तासांत आपली विमानं पाणी घेऊन उतरली आणि मागोमाग नौदलाची जहाजं गेली. त्या मदतीला कुठली अट नव्हती, आणि तिथले लोक अजून तिची आठवण काढतात.

एवढं सांगून मी थांबलो तर मॉरिशसची गोष्ट अर्धीच राहील. या विजयात ज्यांची घरं गेली होती ते चागोसवासी कुठे आहेत? करारानुसार दिएगो गार्सिया वगळून इतर बेटांवर पुनर्वसनाची तरतूद आहे, त्यांच्यासाठी 4 कोटी पौंडांचा निधी आहे. पण त्यांच्यातल्या पुष्कळांचं, विशेषतः इंग्लंडात क्रॉली गावात राहणाऱ्यांचं, म्हणणं असं की आम्हाला कोणी विचारलंच नाही, आधी लंडनने आणि आता मॉरिशसच्या राजधानीने, पोर्ट लुईने. हे म्हणणं मला टाळता येत नाही. छोटा देश मोठ्याशी लढतो तेव्हा त्याच्या आतला आणखी छोटा माणूस पुन्हा मागेच राहू शकतो.

तुम्ही अभ्यासाला काय वाचू असं विचारलंय. 2019 चं न्यायालयाचं मत वाचाच. पण त्याआधी सुनावणीत दाखवलेली एका चागोसवासी बाईंची चित्रित साक्ष ऐका. त्या पेरोस बान्होस बेटावर जन्मल्या, 1973 मध्ये विशीत असताना चार महिन्यांच्या गरोदरपणी त्यांना जहाजावर चढवलं, आणि ते मूल जगलं नाही. लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्या क्रिओल या आपल्या बोलीत, पाठ केल्यासारखं, थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. चार मिनिटांचीही नाही ती साक्ष.